पंख्यातली वाळू

लामूच्या धक्क्यामागे, गाढवांच्या दवाखान्याला लागून
आत्याचं दुकान. दार एवढं बुटकं
की गिऱ्हाईक आत येतं तेच मान खाली घालून.

"भिजला?"
"थोडासा."
समुद्रात थोडंसं काही भिजत नाही, तिला ठाऊक असतं.
"तांदळात ठेवला होता दोन दिवस," गिऱ्हाईक ऐटीत सांगतं.
म्वानाकोंबो आत्या चष्मा कपाळावर सरकवते.
"तांदूळ पुलावासाठी असतो, बाबा.
भात बघून मीठ काही बाहेर येत नाही."

आधी बॅटरीची तार काढायची.
हे तिनं मला पहिल्या दिवशी शिकवलं, बाकीचं सगळं नंतर.
स्क्रू कागदावर, ज्या जागचा त्या जागी,
ठिपके मांडून ठेवावेत रांगोळीआधी, तसे.
आणि मांजर खोलीबाहेर.

शुद्ध पाणी, मग स्पिरिट, मग मऊ टूथब्रश.
बोर्डावर हिरवं काहीतरी उगवलेलं असतं,
तांब्यानं मिठाशी थाटलेला संसार.
तो ती दाढ घासावी तसा घासून काढते.

पंखा मात्र माझ्या हाती देत नाही.
पंखा उघडताना दुकानात कुणी बोललेलं चालत नाही.
बशीवर उपडा धरते,
टिचकी मारते.
चिमूटभर वाळू.

बोटावर घेते, उजेडाला धरते,
कधी कधी, मी पाहिलंय, जिभेलाही लावते.
"दियानी. पीठ आहे नुसतं."
"ही वातामू, प्रवाळाचा चुरा बघ."
"मालिंदी. नदीचा गढूळपणा लागलाय."
औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरते, चिठ्ठी चिकटवते.
फळीवर सव्वीस बाटल्या.
एक काळी, जवळजवळ काजळ,
कुणा जर्मन म्हाताऱ्याच्या कॅमेऱ्यातली.
आइसलँड, म्हणाला तो.
आठवडाभर आत्या जेवताना तिच्याकडेच बघत होती.

स्वतः ती मोकोवेच्या पलीकडे गेलेली नाही.
मोम्बासाची बस एकदा ठरली होती,
त्याच रात्री माझा जन्म झाला.

गेल्या महिन्यात शेबवाना साहेब आले, जमीन मोजणारे.
लॅपटॉप गोगलगाय झालाय, जुनी डिस्क काढा,
एसएसडी घाला, रॅम दुप्पट करा.
बायको शेजारी, हातात कोळंबीची पिशवी.
"पंधरा दिवस नैरोबीत होतो," साहेब जरा मोठ्यानंच म्हणाले,
"ऑफिसातून मान वर काढली नाही."
आत्यानं पंखा उपडा केला.
पीठ. पांढरंशुभ्र. चमचाभर तरी.
तिनं माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रूंकडे.
"नैरोबीत धूळ फार," आत्या म्हणाली,
आणि रॅमबरोबर बिलही दुप्पट केलं.
साहेबांनी चकार शब्द न काढता दिलं.
बायकोनं ती बशी पाहिली.
बराच वेळ पाहिली.
पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

उद्या मी मोम्बासाला निघालोय, पार्ट आणायला.
आत्यानं माझ्या पिशवीत स्वतःचा लॅपटॉप कोंबला,
चार मेलेल्यांतून जोडलेला,
एकाची बिजागरी, दुसऱ्याचा पडदा,
रॅम मी बसवलेली, खालचं एक रबर अजून गायब.
"हा कशाला? माझं काय काम याच्याशी?"
"किनाऱ्यावर बस. वाऱ्याकडे तोंड करून.
काहीतरी जड चालव, पंखा घरघरला पाहिजे.
आणि फडकं बिडकं टाकू नकोस वर."

"तूच चल ना," मी म्हणालो.

ती बाटल्यांवरची धूळ पुसत होती,
काळीपाशी जरा थांबली.
"परत आलास की उघडू," म्हणाली.
"आधी बॅटरीची तार काढून."